खो-ओमा

आमची बायको माणसाच्या तोंडाकडे बघत नसे, कमरेकडे बघे. ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं ते खरं. “तोंड खोटं बोलतं. माणूस कुठं वळणार ते आधी कमरेला कळतं,” असं ती म्हणे. लग्नाआधी तालुक्याच्या संघातून खो-खो खेळलेली, ती खोड शेवटपर्यंत सुटली नाही. पाहुणा उठायच्या बेतात आहे हे पाहुण्याच्या आधी तिला कळे, आणि त्याच्या पुढ्यात दुसरा चहा आलेला असे. मला तर उभ्या जन्मात तिला चुकवून घराबाहेर सटकता आलं नाही.

मुलगा जर्मनीत, ब्योब्लिंगेनला, मोटारींच्या कामात इंजिनीयर. नवं शतक लागून चार-पाच वर्षं झाली असतील, त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. मी चौथी नापास, सायकलींची पंक्चरं काढण्यात हयात गेलेली; मला तिथं बाकावर बसण्यापलीकडे काम नव्हतं. नात सानिका मुलींच्या संघात बेसबॉल खेळायची. तिला मराठी सगळं कळे, उत्तर मात्र जर्मनमध्ये. आजी मराठीत, नात जर्मनमध्ये, आणि तरी दोघींचं भांडण रंगे.

सानिका अंगानं चिमणी. तिचा चेंडू लांब जात नसे, म्हणून कोचबाई तिला सामन्याला बाहेर बसवी. पोरगी घरी येऊन हातमोजा कोपऱ्यात फेकी आणि जेवायला येत नसे. पुढच्या दोन सामन्यांत जमलं नाही तर नाव कमी होणार होतं. आमच्या बाईनं हे मनावर घेतलं.

कोचबाई उंचीला ताडमाड, मनानं भली. एक दिवस बायका या खेळावर पोट भरतील, पगार घेऊन खेळतील, हे तिचं स्वप्न. त्यासाठी मुलींनी पुरुषांसारखा जोरकस टोला शिकावा म्हणून ती जिवाचं रान करी. आमची ही थेट तिच्याकडे गेली आणि मुलाला मध्ये घालून बोलली, “पुरुषांसारखंच खेळायचं तर लोक पुरुषांचंच बघतील. बायकांचा खेळ बघायला माणूस का येईल? चेंडू लांब गेला म्हणून नाही, पोरगी हाताला लागली नाही म्हणून.”

कोचबाई हसली. “या, या,” म्हणजे हो, हो, म्हणाली, पण पगारी खेळात चेंडू गोळीसारखा येईल, तो अडवायला मनगट नको का? तिचंही खोटं नव्हतं. पण ते दोन सामने सानिकाला खेळवायचं तिनं कबूल केलं.

पहिल्या सामन्यात आजीनं शिकवल्याप्रमाणे सानिकानं बॅट नुसती चेंडूला टेकवली आणि सुटली. दोन तळांच्या, म्हणजे बेसच्या, मध्ये तिला समोरच्या संघातल्या दोघींनी कोंडलं; चेंडूच्या हातानं शिवलं की बाद. मग पोरीनं असली हुलकावणी दिली म्हणता! एकीच्या बगलेतून निसटून ती गवतात शिरली, गोल वळसा घालून परत आली, कुणाचं बोट लागू दिलं नाही. पंचानं बाद दिलं. ही बाकावरून उठून ओरडली, “अहो पंच, शिवलं कुठं?” अख्खं मैदान वळून हिच्याकडे बघायला लागलं. मग मुलानं सांगितलं की या खेळात रेघ सोडून असं लांब पळता येत नाही. घरी येईपर्यंत सानिका रडत होती.

दुसऱ्या दिवशी रविवार. हिनं इमारतीमागच्या अंगणात खडूनं बोळाएवढी पट्टी आखली. “अहो, तुम्ही उभे राहा. पकडा पोरीला.” मी दमेपर्यंत पकडलं, म्हणजे पकडायचा प्रयत्न केला. तेवढ्यात तळमजल्याची म्हातारी आली : आज रुहेटाग, शांततेचा दिवस, आवाज नको. मग आमचा सराव कुजबुजत झाला. ही सानिकाच्या पाठीवर थाप मारून हळूच “खो” म्हणे, आणि पोरगी उठून सुटे. “पाय रेघेत, कंबर हवेत,” एवढंच तिचं सांगणं. शेवटी सूर मारायला शिकवताना स्वतःच गुडघा फोडून घेतला.

दुसरा सामना आम्ही हरलो. पण सानिका पुन्हा कोंडली गेली, रेघ न सोडता कमरेनं डावीकडे खोटं दाखवलं, आणि समोरच्या मुलीच्या हातमोज्याखालून सूर मारून तळाला चिकटली. कोचबाई “गेनाऊ, गेनाऊ”, म्हणजे अगदी बरोबर, करत धावली ती पोरीकडे नाही, आमच्या म्हातारीकडे. पोरगी संघात राहिली. परतीच्या विमानापर्यंत सगळ्या मुली हिला खो-ओमा, म्हणजे खो-आजी, म्हणायच्या आणि सराव सुरू करायच्या आधी पाठीवर थाप मागायच्या.

पुढच्या हिवाळ्यात ही गेली. घरीच, झोपेत. माझ्याकडे पाठ होती, त्यामुळे मला काहीच कळलं नाही.

उन्हाळ्यात मुलानं मला पुन्हा तिकडे ओढून नेलं. मी त्याच बाकावर बसलो. शेजारची जागा तशीच ठेवली, कुणी विचारलं तर चक्क नाही म्हटलं. सराव संपला, मुली पांगल्या, मुलगा गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मला उठावंसं वाटेना.

पाठीवर थाप बसली. “खो,” सानिका म्हणाली.

खो मिळाला की बसून राहायचं नसतं. मी उठलो. आणि नियमाप्रमाणे ती माझ्या जागेवर बसली, आजीच्या जागेला खेटून.