नवरी कुठे बसणार?

आमचे दाजी गोटीराम, मखमलाबादचे. धंदा फुलांचा. झेंडू, शेवंती, थोडा गुलाब. सकाळी माल बाजारात घालायचा आणि दिवसभर लग्नाच्या गाड्या सजवायच्या. दुसऱ्यांच्या गाड्या सजवता सजवता एक दिवस त्यांच्या डोक्यात आलं, की फुलं आपली, घाम आपला आणि रुबाब मात्र गाडीवाल्याचा! मग त्यांनी मुंबईहून एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. पांढरी, दोन दारांची, मागे दोन माणसं अवघडून बसतील एवढी सीट. नवरदेवाची गाडी म्हणून ती भाड्याने जाऊ लागली. आरटीओला कृपा करून सांगू नका.

मी त्यांचा मेहुणा, संतोष. आडगाव नाक्याजवळ माझं गॅरेज आहे. बारा वर्षं ती पांढरी मीच सांभाळली. सांभाळली कसली, तिने मला कधी काम दिलंच नाही. ऑइल बदला, फिल्टर झटका, झालं. सुरगाण्याच्या खड्ड्यांतून गेली, त्र्यंबकच्या गर्दीत दोन-दोन तास तापत उभी राहिली, पण एकदाही रुसली नाही. मेकॅनिक म्हणून मला तिचा रागच यायचा.

दाजींचा अभिमान एकच. "माझ्या गाडीतला नवरदेव मुहूर्ताला चुकला नाय." आता आपल्याकडे बारा पस्तीसचं लग्न दोनला लागतं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण तो उशीर डीजेचा, रस्त्यात लोळून नाचणाऱ्या मित्रांचा, आणि माइक हातात आला की न सोडणाऱ्या पुढाऱ्यांचा. गाडीचा कधीच नाही. चारशेच्या वर नवरदेव त्यांनी मारुतीच्या पारापासून मांडवापर्यंत पोचवले आणि संध्याकाळी तेवढ्याच नवऱ्या सासरी नेऊन सोडल्या. फक्त पाठवणीला ते आरशात बघायचे नाहीत. "मागं पोरीचा बाप उभा असतो," म्हणायचे, "मला नाय बघवत."

अशा सुखाच्या संसारात माशी कुठे शिंकली? ओझरच्या एका लग्नात. नवरदेवाच्या मित्रांनी पांढरीच्या बॉनेटला कान लावून विचारलं, "काका, चालू आहे ना? आवाजच नाही हिला!" सगळे हसले. दाजींच्या ते असं जिव्हारी लागलं, की माणूस जेवताना मोबाइलवर गाड्यांचे आवाज ऐकू लागला. ताई, म्हणजे माझी बहीण नवसाबाई, मला फोन करून म्हणाली, "संत्या, तुझ्या दाजींना काय झालंय बघ रे. भाकरी खाता खाता घुर्र घुर्र ऐकत्यात."

महिन्याभरात पांढरी ओझरच्या झुंबरला विकली आणि लाल आली. युरोपातली कुठलीशी. कंपनीचं नाव दाजींना शेवटपर्यंत धड म्हणता आलं नाही. अशा गाड्या म्हणे आख्ख्या महाराष्ट्रात चार-पाच, आणि त्या लोकांनी चालवलेल्या कमी, फोटो काढलेल्या जास्त. विकणारा म्हणाला होता, "ही गाडी नाही साहेब, ही भावना आहे." मी विचारलं, "दाजी, भावनेचे पार्ट कुठं मिळत्यात?" दाजी म्हणाले, "तू जळतोस."

गाडी इतकी बुटकी, की गल्लीतल्या गतिरोधकावरून न्यायला फळ्या लावाव्या लागल्या. ताईने ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली. दाजींनी चावी फिरवली तशी गाडी अशी काही डरकाळली, की ताईच्या हातातलं ताट गेलं आणि शेजारची म्हैस दावं तोडून पळाली. दाजी खूश! मागची काच उघडून त्यांनी सगळ्या गल्लीला बोलावलं. "बघा, इंजिन मागं हाय. मागं! पुढं नुसता पिशव्या ठेवायला खड्डा." लोक वाकून वाकून बघत होते.

त्यांची लेक वेदिका तेवढी शांत. ती अंबडच्या एका कंपनीत क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका काढायचा पगार घेते. तिने गाडीला एक चक्कर मारली, आत डोकावली.

"आप्पा, सीटा दोनच?"

"स्पोर्ट्स कार हाय बाई. दोनच असत्यात."

"एकीवर तुम्ही, दुसरीवर नवरदेव. मग नवरी कुठे बसणार?"

आम्ही खो खो हसलो. दाजी जरा गडबडले, मग म्हणाले, "नवरीला मागून दुसरी गाडी करू की." वेदिका हसली नाही. तिचं स्वतःचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. मुलगा इगतपुरीचा, समर्थ, रेल्वेत नोकरीला. आणि दाजींनी जाहीरच करून टाकलं होतं, की लालमध्ये बसणारा पहिला नवरदेव घरचाच असेल. "माझा जावई माझ्या लालमधून येणार, अन् टायमात येणार!" एवढं बोलल्यावर मागे कसं फिरायचं?

लग्नाच्या दिवशी मी सकाळीच गेलो. दाजींनी स्वतः गाडी सजवायला घेतली होती. बारा वर्षांची सवय, हात आपोआप चालत होते. पांढरीला पुढची जाळी मोकळी सोडायची, कारण इंजिन पुढे, त्याला हवा लागते. आणि फुलांची सगळी हौस मागे. तेच त्यांनी इथे केलं. पुढे एक पाकळीसुद्धा नाही, आणि मागे झेंडूची चार बोटं जाड चादर, तारेने अशी आवळलेली की वारा म्हणून आत जाणार नाही. मी बघितलं. वीस वर्षांचा मेकॅनिक मी, आणि काय म्हणालो? "वा दाजी, झकास!" ते आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

मी मामा. आमच्यात नवरीच्या पाठीशी मामाला उभं राहावं लागतं, म्हणून मी फेटा बांधून मांडवातच होतो. सव्वाबाराला दाजींचा फोन आला. "संतोष, पळत ये. आपली लाल धूर सोडती."

मी पळालो. मांडवापासून दोनशे पावलांवर गाडी उभी. डीजे चालूच, कारण डीजेवाल्याला वाटलं धूर हा कार्यक्रमाचाच भाग आहे. पोरं धुरात शिरून नाचत होती. आत समर्थ भरजरी शेरवानीत उकडत होता. दाजी उतरताच इलेक्ट्रिकचं काही गेलं होतं, दोन्ही दारं उघडेनात, काच खाली होईना. दाजी बाहेरून त्याला हाताने वारा घालत होते. काचेवर!

मी मागची चादर ओरबाडून काढली. झेंडू पार शिजला होता, भाजीसारखा वास सुटला होता.

"दाजी, हिचं इंजिन मागं हाय ना!"

"मला काय शिकवतो? मीच सगळ्या गल्लीला दाखवलं की—" आणि ते थांबले. स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. बोटांना अजून झेंडूचा रंग होता.

कसंबसं दार उघडून जावई बाहेर काढला. बारा वाजून बावीस मिनिटं, आणि मुहूर्त बारा पस्तीसचा. वरपक्षाच्या एका काकांनी घोडा सुचवला, दुसऱ्यांनी खांदा. दाजी गटाराच्या कठड्यावर बसले. चारशे नवरदेव वेळेत पोचवणारा माणूस, आणि स्वतःचा जावई रस्त्यात उभा. मला त्यांची चेष्टा करायची होती, खरं सांगतो, सहा महिने तोंडात तयार ठेवली होती. ती तशीच गिळली.

तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. हळू, ओळखीचा. पांढरी! चालवायला ओझरचा झुंबर.

"तू इथं कसा?" मी विचारलं.

"वेदिकाताईनं महिन्यापूर्वीच सांगून ठेवलंय. पाठवणीला गाडी पाहिजे, पण अकरालाच येऊन पारापाशी उभा राहा म्हणल्या. आप्पांना मात्र काही बोलू नको, म्हणल्या."

 दाजी उठले, लालवरची चांगली राहिलेली फुलं गोळा केली आणि पांढरीच्या मागे लावली. पुढची जाळी मोकळी. मग गाडीपुढे चालत त्यांनी स्वतः वाट काढली, नाचणाऱ्यांना अक्षरशः ढकलत. नवरदेव बारा तेहतीसला मांडवात पोचला. अक्षता पावणेदोनला पडल्या, कारण एक पुढारी शुभेच्छा द्यायला उठले आणि त्यांनी धरणाच्या पाण्याचा प्रश्न काढला. मी ऑइलने माखलेल्या हातांनी भाचीच्या पाठीशी तासभर उभा होतो.

संध्याकाळी पाठवणी. समर्थ पुढे बसला. झुंबर चावी घेऊन निघाला, तर वेदिकाने त्याच्या हातातून ती घेतली आणि दाजींपुढे धरली.

"आप्पा, तुम्ही चालवा."

ताई रडता रडता म्हणाली, "अगं, बापानं जायचं नसतं सोडायला."

"बाप म्हणून नको. चारशे पोरी यांनी सोडल्या. मला काय झुंबरदादा सोडणार?"

 दुपारपासून दाजी तिची नजर चुकवत होते. "माझ्यावर भरवसा नव्हता व्हय गं तुझा?" एवढंच त्यांनी विचारलं.

"तुमच्यावर होता," ती म्हणाली. "म्हणून तर तुमचीच गाडी बोलावली."

मग तो माणूस सगळ्या मांडवादेखत हमसून हमसून रडला. मीही रडलो, लपवत नाही. रडणं झाल्यावर दाजींनी नाक पुसलं, पांढरीत बसले, सीट पुढे ओढली. वेदिका वाकून मागच्या सीटवर शिरली, शालू सावरत, अवघडून, पण नीट बसली.

गाडी सुरू झाली. आवाज नाहीच. दाजींनी हात वर करून आरसा वळवला, मागच्या सीटवर. वेदिका सांगते, इगतपुरी येईपर्यंत त्यांनी तो सरळ केला नाही.