कामिनीला सगळं येतं

कामिनी ढोकेच्या तोंडून "मला येत नाही" हे शब्द नागपुरात आजवर कोणी ऐकले नव्हते. स्वयंपाकाच्या कामासाठी ती पाच घरं फिरायची आणि पाचही घरांत तिचं उत्तर एकच असायचं. पास्ता येतो का? येते. केक? येते. बिनमिठाचं, बिनतेलाचं, आजारी माणसाचं? तेही येते. पास्ता तोवर तिने फक्त दुकानातल्या पाकिटावर पाहिला होता. मग दुसऱ्या दिवशी चार मजले जिना चढता चढता फोनवर बघायचं, तिसऱ्या मजल्यावर एकदा थांबून पुन्हा बघायचं आणि स्वयंपाकघरात शिरताना चेहरा असा ठेवायचा, की हे काय, माहेरी तर आम्ही रोज पास्ताच खात होतो. गंमत म्हणजे पदार्थ जमायचा. एखाद्या घरी केक मधे थोडा बसला, तर "आमच्याकडे असाच करतात" म्हणून ती मोकळी व्हायची. बुटीबोरीच्या कारखान्यात कामाला असलेला तिचा नवरा केशव म्हणायचा, "उद्या कोणी रोड रोलर चालवता येते काय म्हून विचारलं, तरी ही हो म्हणन."

अशा बाईची आणि प्रमोदिनी मॅडमची गाठ पडली, यात नवल नाही. मॅडम बँकेतून निवृत्त झालेल्या, त्रिमूर्तीनगरात तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या. निवृत्तीनंतर लोक देवधर्माला लागतात, मॅडम धान्याला लागल्या. कुठल्याशा पाच दिवसांच्या शिबिराला गेल्या आणि परत आल्या त्या मिक्सर माळ्यावर टाकायचं ठरवूनच. महिन्याभरात त्या स्वयंपाकघराचं रूप असं पालटलं, की गॅस-सिलिंडर आणणारा माणूस चुकीच्या घरात आलो म्हणून परत फिरला. दगडी जातं आलं. त्या दिवशी लिफ्ट नेमकी बंद, म्हणून ते वर चढवताना दोन हमालांनी जिन्यात मॅडमच्या शिबिराचा मनापासून उद्धार केला. पाटा-वरवंटा आला, लोखंडी तवे आले, मातीच्या हंड्या आल्या, कणीक मळायची लाकडी काथवट आली. गॅलरीत मातीची चूल बसली. काचेच्या बरण्यांत कोदो, कुटकी, लाखोळी, जवस, अंबाडीचं बी अशी मंडळी नावाच्या चिठ्ठ्या लावून ओळीने उभी राहिली. फ्रिजला मात्र घालवणं जमलं नाही. पुढे येणारा नागपूरचा उन्हाळा शिबिर भरवणाऱ्यांना ठाऊक नसावा. मग मॅडमनी फ्रिजवर वरून खालपर्यंत एक हातमागाचं पातळ सुती कापड सोडलं आणि फ्रिज नाहीच असं धरून चालायला सुरुवात केली.

"तू सावनेरकडची ना?" मॅडमनी कामिनीला विचारलं. "शेतकऱ्याघरची. जात्यावरचं, पाट्यावरचं सगळं येत असेल तुला?"

"येते," कामिनी म्हणाली.

मॅडमना शेतकऱ्याघरची बाई म्हणजे जात्यावर बसूनच जन्मलेली वाटायची. कामिनीचं अर्धं आयुष्य चक्कीवरून दळण आणण्यात आणि मिक्सरची पाती बदलून आणण्यात गेलं होतं, हे सांगण्याची तिला काही घाई नव्हती. जवसाची चटणी ती घरी मिक्सरवर काढून डब्यातून आणायची आणि मॅडम हॉलमध्ये असताना दहा मिनिटं रिकामा वरवंटा पाट्यावर घासायची. मॅडम चटणी बोटावर घेऊन डोळे मिटायच्या. "पाट्याची चव लपत नाही बघ," म्हणायच्या. कामिनीही मान डोलवायची.

चार महिने असे सुखात गेले. मग मॅडमनी ठरवलं, की एवढं उभं केलेलं स्वयंपाकघर बारा माणसांना दाखवायचं. शिबिरातल्या ओळखीचे आणि बँकेतले जुने सहकारी अशी बारा जणांची यादी झाली. महिनाअखेरचा रविवार, दुपारचं जेवण, आंब्याचा रस आणि मडक्यावरच्या लांब पोळ्या. "आणि ऐक," मॅडम म्हणाल्या, "हे नीट पार पडलं ना, तर मी दर रविवारी अशी पंगत करणार. मग तू बाकीची चार घरं सोडायची. माझ्याकडेच पूर्ण दिवस. येतात ना लांब पोळ्या?"

पाच घरांचे जिने कामिनीच्या गुडघ्यांत येऊन बसले होते. एकच घर, एकच जिना, आणि त्या जिन्याला लिफ्टही होती. "येते," ती म्हणाली. पण या वेळी जिन्यात फोन काढून काही उपयोग नव्हता.

त्याचं असं, की लांब पोळी फोनवर बघून होत नाही. सैल कणकेचा गोळा या हातावरून त्या हातावर टाकत, कोपरापर्यंत ताणत न्यायचा आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद पसरायचा. हाताला सवय नसेल तर मडक्यावर पोळीऐवजी चिंध्या पडतात. कामिनीला ही सवय एके काळी होती. लग्नाआधी माहेरी ती एका बसणीला चाळीस पोळ्या काढायची. पण लग्नाच्या आधी मोठ्या बहिणीने तिला बाजूला घेऊन बजावलं होतं, "सासरी येते म्हणू नको वं. एकदा हो म्हटलं, का जलमभर मडक्यापुढे बसशीन." म्हणून सासरच्या पहिल्या सणाला सासू रुखमाबाईंनी विचारलं तेव्हा कामिनीने मान खाली घालून सांगितलं होतं, "नाही येत." रुखमाबाईंनी पदर खोचला. उठल्या आणि स्वतः चुलीपुढे बसल्या. पुढे केशवला नोकरी लागून बिऱ्हाड नागपुरात येईपर्यंत तीन वर्षं त्याच बसत राहिल्या.

आता वीस वर्षांनी हात खरंच विसरला होता. आणि जवळच्या कोणाला त्या पोळ्या येत असतील तर फक्त रुखमाबाईंना.

पहिल्या रविवारी कामिनी सावनेरच्या बसने गावी गेली तेव्हा रुखमाबाई अंगणात तूर पाखडत होत्या. वय अडुसष्ट, बोलणं मोजकं, नजर मात्र एकदम चोख.

"आत्याबाई, मले लांब पोळ्या शिकवा."

रुखमाबाईंचं सूप थांबलं. "आता?"

"कामावर पाहिजे आहे."

"घरी होत होत्या तेव्हा नाही पाहिजे होत्या," रुखमाबाई म्हणाल्या आणि पुन्हा पाखडायला लागल्या. कामिनी शेजारी बसून तूर निवडायला लागली. पण थोड्या वेळाने सासूच उठली, मडकं काढलं आणि चूल पेटवली.

त्या दिवशी कामिनीने सात पोळ्या फाडल्या. दुसऱ्या रविवारी तीन फाडल्या, चार साधल्या. तिसऱ्या रविवारी सगळ्या उतरल्या. रुखमाबाई शिकवत म्हणजे शेजारी बसून बघत, आणि फार झालं तर "कोपर सैल सोड" एवढं म्हणत. कामिनीचा जीव मात्र वेगळ्याच कारणाने धास्तावलेला. हात जसजसा सुधारायला लागला तसतशी तिला भीती वाटायला लागली, की नव्याने शिकणाऱ्या बाईचा हात इतक्या लवकर बसत नाही, हे हिला कळलं तर? हिने तीन वर्षं धूर खाल्ला तो माझ्या थापेपायी, हे कळलं तर? ती मुद्दाम एखादी पोळी वाकडी करायची. रुखमाबाई त्या वाकड्या पोळीकडे बघायच्या आणि पुढचा गोळा तिच्यापुढे सरकवायच्या.

तिकडे मॅडमना कळलं, की कामिनीची सासू अजून मडक्यावर पोळ्या करते. "अगं, मग त्यांना आणायलाच पाहिजे. आपण त्यांचा सत्कार करू," त्या म्हणाल्या. कामिनीने सासूच्या गावाहून येण्याची अडचण सांगून बघितली, उन्हाची सबब सांगून बघितली. मॅडमनी गाडी पाठवायचं ठरवलं तेव्हा सबबी संपल्या.

पंगतीच्या दोन दिवस आधी दोघींनी मिळून जात्यावर बन्सी गहू दळले. कामिनी चाळण शोधायला लागली, तशी मॅडमनी तिचा हात धरला. "चाळायचं नाही हं. कोंड्यातच सगळं सत्त्व असतं. न चाळता होतात ना पोळ्या?"

लांब पोळीचं पीठ नुसतं चाळलेलं नाही, वस्त्रगाळ लागतं. गावी रुखमाबाई ते आदल्या दिवशीच कापडातून गाळून ठेवत. कोंडा राहिला की कणीक ताणताना तिथेच फाटते, हे कामिनीला पक्कं माहीत होतं. तिच्या ओठांवर आलंही होतं. पण वीस वर्षांची सवय आडवी आली.

"होते," ती म्हणाली.

रविवारी दुपारी एक वाजता गॅलरीत चूल पेटली. बाहेर ऊन चव्वेचाळीस अंशांवर, त्यात चुलीची भर. आत हॉलमध्ये बारा पाहुणे पाटांवर बसलेले, वाट्यांत रस वाढलेला. रुखमाबाई खुर्चीवर, अंगावर नवी शाल, मांडीवर नारळ. इतक्या उन्हात शाल पांघरवणाऱ्या माणसांबद्दल त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं, ते मॅडमना भक्तिभाव वाटलं. मॅडमनी फोन धरला आणि कामिनीने पहिला गोळा उचलला.

पहिली पोळी कोपरापर्यंत पोचण्याआधीच फाटली. दुसरीला मधे भोक पडलं. तिसरी मडक्याला चिकटून करपली. मॅडम "होतं असं" म्हणाल्या. हॉलमधलं बोलणं हळूहळू बंद पडलं. चौथा गोळा कामिनीने उचलला आणि पुन्हा काथवटीत ठेवून दिला. एक घर गेलं, एक जिना गेला, आणि बारा माणसांसमोर अब्रूही निघाली, असं तिला स्पष्ट दिसलं.

करपल्याचा वास आला तशा रुखमाबाई नारळ खाली ठेवून गॅलरीत आल्या. काथवटीतली कणीक त्यांनी दोन बोटांत चोळली.

"गाळलं नाही?"

"मीच नको म्हटलं, आजी," मॅडम म्हणाल्या. "कोंड्यात सत्त्व असतं ना."

"असन," रुखमाबाई म्हणाल्या. "एखादं पातळ फडकं द्या."

घरात पातळ, धुतलेलं, झिरझिरीत कापड म्हणाल तर एकच होतं. मॅडमनी फ्रिजवरचं काढून दिलं. पाहुण्यांना कैरीचं पन्हं गेलं, मडकं तापायला वेळ लागतो असा निरोप गेला, आणि उघड्या पडलेल्या फ्रिजशेजारी बसून रुखमाबाईंनी उरलेलं पीठ गाळलं. परातीत पांढरं पीठ पडलं, कापडात कोंडा राहिला. मॅडम त्या कोंड्याकडे हळहळून बघत होत्या.

"आमच्या घरी कोंडा बायकाच खात," रुखमाबाई पीठ झटकत म्हणाल्या. "पोळी माणसाइले अन् पाव्हण्याइले. मागं उरलेल्या कोंड्याची भाकर आमची. चाळीस वर्सं सत्त्वच खाऊन राहिलो आम्ही."

मॅडमनी फोन खाली ठेवला. त्या कोंड्याचं कापड हातात घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

कणीक नव्याने भिजली, मुरली. रुखमाबाई स्वतः मडक्यापुढे बसतील असं सगळ्यांना वाटलं, पण त्या बाजूला सरकल्या आणि कामिनीला म्हणाल्या, "बस." कामिनी बसली. गोळा या हातावरून त्या हातावर गेला, कोपरापर्यंत असा लांबला, की पलीकडची गॅलरीची जाळी दिसावी, आणि अलगद मडक्यावर उतरला. मग एकामागून एक पोळ्या निघत राहिल्या. पाहुण्यांनी दुसऱ्यांदा रस मागितला. मॅडम मनाच्या सरळ. आधीच्या चिंध्या आपल्यामुळे झाल्या, हे त्यांनी पंगतीत स्वतः सांगितलं. आत येऊन कामिनीला म्हणाल्या, "मला सांगायचं ना गं."

"चुकलंच, मॅडम," कामिनी म्हणाली.

निघताना मॅडमनी कामिनीला पहिल्या तारखेपासून पूर्ण दिवस यायला सांगितलं आणि रुखमाबाईंना दर रविवारी शिकवायला येण्याचा आग्रह केला. रुखमाबाईंनी शाल घडी करून पिशवीत घातली. "मी कशाले? हे आहे ना तुमच्यापाशी," त्या कामिनीकडे हनुवटी करून म्हणाल्या.

ऑटोत दोघींच्या मधे ती पिशवी होती. सिग्नलला ऑटो थांबला आणि कामिनीला राहवेना.

"आत्याबाई, मले लग्नाआधी येत होत्या पोळ्या."

"माहीत आहे."

"आता पाहून समजलं काय?"

"तुह्या मायनं सोयरिकीच्या बोलणीतच सांगितलं होतं. पोरीची पोळी कोपराच्या खाली जाते म्हून."

कामिनी बघतच राहिली. म्हणजे पहिल्या सणाला, मान खाली घालून ती "नाही येत" म्हणाली तेव्हाच समोरच्या बाईला सगळं माहीत होतं. "मंग बोलल्या काहून नाही? तीन वर्सं तुम्ही चुलीपुढे..."

रुखमाबाई रस्त्याकडे बघत होत्या. "मी बी तेच म्हणणार होती माह्या सासूले. माहेरून पाठ करून आली होती. अन् तिनं विचारलं तं तोंडातून हो निघालं." मग तिच्याकडे वळून त्या म्हणाल्या, "तू नाही म्हटलं तं बरं वाटलं वं मले. एकीनं तं म्हटलं."

कामिनीला रडू आलं. ते तिने लपवलं नाही. रुखमाबाईंनीही तिला समजावलं नाही, फक्त मधली पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला नीट बसायला जागा केली.

घरी पोचल्यावर कामिनी पदर खोचून स्वयंपाकघराकडे निघाली. "तुम्हाले काय करून देऊ, आत्याबाई? भाकर टाकू?"

"खिचडी लाव कुकरात," रुखमाबाई म्हणाल्या. मग त्यांनी पंखा फुल्ल केला आणि सुनेच्या घरात पहिल्यांदाच, काही निवडायला न मागता, पलंगावर पाय पसरून बसल्या.