मौदा ते सदर, मांडीपुढच्या लॅपटॉपच्या शोधात

रामटेक झालं, खिंडसी झालं, नवेगावच्या तलावावर डबा घरीच विसरून गेलो होतो तेही तुम्ही वाचलंत. त्या मानाने यावेळचा प्रवास अगदीच अंगणातला. मौद्याहून नागपूर, तेही सदरमधली लॅपटॉपची दुकानं पालथी घालायला. यात लिहिण्यासारखं काय, असं ह्यांनीही विचारलं. पण डोंगर बघायला जाताना आपण जेवढी चौकशी करतो, त्याच्या निम्मीही रोज वापरायची वस्तू घेताना करत नाही, आणि मला तर यावेळी फारच चौकशी करायची होती.

झालं असं, की नागपूरच्या टोकाला असलेल्या बेस्याच्या एका हिशेबनिसांच्या ऑफिसातून मला कामाचं बोलावणं आलं. तिकडे नवनव्या इमारती उठताहेत आणि प्रत्येक सोसायटीला जमाखर्च ठेवणारं माणूस लागतं. काम घरून, आठवड्यातले दोन दिवस ऑफिसात. अट एवढीच, की लॅपटॉप आपला आणावा आणि सोमवारी हजर व्हावं. नाही जमलं तर दुसऱ्या एक बाई तयारच होत्या. लग्नाआधीपासून मी हेच काम करायची. मुलगी झाली तेव्हा सोडलं, आणि ती ईश्वरी आता आठवीत आहे. मला हे काम हवं होतं. अगदी मनापासून हवं होतं.

शनिवारी सकाळी आम्ही दोघं मौद्याच्या स्टँडवरून एसटीत बसलो. बायकांना अर्धं तिकीट असल्यामुळे प्रवासभर ह्यांना चिडवायला विषय मिळतो. भंडारा रोड चांगला आहे, पण पारडीपासून पुढे गर्दीची तयारी ठेवा. गणेशपेठेला उतरल्यावर लगेच रिक्षा करू नका, आधी पोटोबा करा. स्टँडबाहेरच्या ठेल्यावर तर्री पोहे खाल्ले. तर्री जरा जास्तच झाली आणि हे सदरपर्यंत रुमालाने नाक पुसत होते.

ह्यांची ओळख करून द्यायची राहिली. मौद्यात ह्यांचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या मोटरी, कूलरचे पंप, सगळं ह्यांच्या हाताखालून जातं. त्यामुळे यंत्र म्हटलं की ह्यांचं मत तयार असतं, आणि ते मत असं, की अंगाने मोठी मोटर गार चालते आणि जास्त टिकते. लॅपटॉपलाही तोच नियम लावून हे घरूनच मोठा घ्यायचा ठरवून निघाले होते.

सदरला दुकानांची वाण नाही. पहिल्या दुकानात आम्हाला कोणी बजेटच्या पलीकडे काही विचारलंच नाही. चाळीस हजारांच्या आत म्हटल्यावर त्यांनी एका कोपऱ्याकडे बोट दाखवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले. आम्ही निघालो. दुसरं दुकान आतल्या गल्लीत, अरुंद, पण मालक बोलका होता. त्याने आधी विचारलं, काम काय करणार. जमाखर्च, ईमेल, कधीमधी व्हिडिओवर बैठक, असं सांगितल्यावर त्याने समजावलं, की एवढ्याला साधा प्रोसेसर पुरतो, रॅम आठ जीबी तरी घ्या आणि पुढे वाढवायला जागा आहे का ते विचारा, साठवणीसाठी एसएसडीच पाहा. मी विचारत गेले, तो सांगत गेला. चार्जर हरवला तर मोबाइलचा चालतो का, हेही मी विचारलं. काहींना चालतो, पण चार्जर तेवढ्या ताकदीचा हवा.

शेवटी काउंटरवर दोन यंत्रं उरली. किंमत जवळपास सारखी. एक साडेपंधरा इंची, एक चौदा. ह्यांचा हात अर्थातच मोठ्यावर होता.

मी माझी रोजची पिशवी उघडली. डबा, पाण्याची बाटली, छत्री, सगळं मुद्दाम भरून आणलं होतं. मोठा लॅपटॉप त्यात तिरका घातला तरी कोपरा बाहेर राहिला. तशीच पिशवी खांद्याला लावून मी दुकानात चकरा मारल्या. मौदा ते गणेशपेठ उभ्याने आणि तिथून बेसा, हे डोळ्यांपुढे ठेवून चालत होते. मग छोटा घालून चालले. फरक खांद्याला लगेच कळतो, आकड्यात वाचून कळत नाही.

दोन्ही यंत्रं दारापाशी नेऊन उन्हातही पाहिली, कारण वारा सुटला की आमच्याकडे लाइट जाते आणि मग कामाला ओसरीच उरते. मोठ्याच्या पडद्यात मला माझाच चेहरा दिसत होता. छोट्यावरची अक्षरं डोळे बारीक करून का होईना वाचता येत होती.

मग मी खाली बसले. दुकानाच्या फरशीवर, मांडी घालून. प्रिंटरचं एक रिकामं खोकं पुढे ओढलं, घरी चौरंग असतो तेवढ्याच उंचीचं होतं.

"मॅडम, खुर्ची आहे नं. खाली काहून बसून राहिल्या?" मालक गडबडला.

घरी मी अशीच बसते, असं त्याला सांगितलं. आमच्याकडे टेबल-खुर्ची आहे, पण त्यावर ईश्वरीचं दप्तर, ह्यांच्या दुकानाच्या पावत्या आणि इस्त्रीचे कपडे राहतात. जेवण, भाजी निवडणं, शिवण, सगळं जमिनीवर. हिशेबही तिथेच होणार. खोक्यावर मोठा लॅपटॉप दोन्हीकडून बाहेर आला आणि टाइप करताना डुगडुगला. छोटा नीट बसला.

पण छोट्यात एक खोट निघाली. उजवीकडे आकड्यांचा वेगळा संच नव्हता. जमाखर्च करणाऱ्याची बोटं त्या आकड्यांवर न बघता धावतात. वरच्या ओळीतून एकेक आकडा शोधत बसले तर काम दुप्पट लांबणार. मोठ्यात तो संच होता. ह्यांना जोर चढला. म्हणाले, पडदाही मोठा आहे, संध्याकाळी सगळ्यांना सिनेमा बघता येईल, ईश्वरीचा अभ्यास होईल, आईचं कीर्तन होईल. बोलताना त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की मला क्षणभर वाटलं, घेऊन टाकावा मोठा. आमच्या घरात कुठलीही वस्तू अशीच येते, सगळ्यांची म्हणून. माझा मोबाइलही संध्याकाळी माझ्या हातात नसतो.

आणि मग मला भीती वाटली. सोमवारी काम सुरू होईल, आणि मंगळवारी मी सिनेमा संपायची वाट बघत बसेन. उठले नाही, खालूनच बोलले.

"सगळ्यायसाठी घ्याचं असन तर टीव्ही मोठा घेऊ. हे माह्या कामाचं हाये."

मालकाने उगीच काउंटर पुसला. मग त्यानेच एका कप्प्यातून तळहाताएवढा आकड्यांचा संच काढला, वायरने जोडायचा. पाच-सहाशेची वस्तू. मी जोडून पाहिला, बोटं जुन्या सवयीने धावली. ह्यांनी छोटा लॅपटॉप उलटा केला, खालच्या जाळीला हात लावला, गरम होतो का ते पाहिलं, आणि म्हणाले, ठीक आहे, हाच घेऊ.

खरी गंमत पुढे आहे. मालकाने यंत्र सुरू करून विचारलं, "नाव काय टाकू?" मी म्हणाले, "प्रमोद."

प्रमोद हे ह्यांचं नाव. गॅस, लाइट, कूलर, शाळेचा दाखला, काउंटरवर नाव विचारलं की माझ्या तोंडून इतकी वर्षं हेच निघतं. मघाशी फरशीवर बसून एवढं तोऱ्यात बोलले होते, आणि नाव मात्र ह्यांचं सांगून मोकळी झाले. मालक टाइप करायला लागलासुद्धा. हेच म्हणाले, "तुह्यं सांग नं वं. हिशेब काय मी करनार हावो?"

ज्योत्स्ना, असं पडद्यावर आलं. मालकाने पासवर्ड टाकायला यंत्र माझ्याकडे वळवलं तेव्हा हे पाठ फिरवून रस्त्याकडे बघत उभे राहिले. मला फार बरं वाटलं.

परतीच्या गाडीत जागा मिळाली नाही. पिशवी खांद्यालाच होती आणि हे दोनदा विचारूनही मी ती दिली नाही. घरी सासूबाईंनी हळद-कुंकवाचं ताट तयार ठेवलं होतं. कुंकू बटणांत जाईल म्हणून मी झाकण मिटूनच त्यांच्यापुढे धरलं. सोमवारी बेस्याला वेळेवर पोचले. दुसऱ्या बाईंना बोलवावं लागलं नाही.

तुम्ही घ्यायला जाल तेव्हा रोजची पिशवी भरून न्या आणि दुकानात घरच्यासारखे बसून बघा. लोक हसले तर हसू द्या. पडदा छोटा आहे, संध्याकाळी डोळे जरा थकतात, आकड्यांच्या संचाची वायर सारखी गुंतते. तरी मी खूश आहे.

परवा मी स्वयंपाकघरात होते. ईश्वरीची मैत्रीण आली होती आणि दोघी गाणी बघायला लॅपटॉप उघडायच्या बेतात होत्या. सासूबाई तिथेच तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"त्याले हात नोको लावू. तुह्या मायचं हाये थे."

या घरातली प्रत्येक वस्तू मी पुसते, भरते, जपते. माझी म्हणून तिथे कोणी दाखवलेली ही पहिलीच. मी हातात पळी घेऊन तशीच उभी राहिले आणि भाजी खाली लागली.