फेगडे सरांचा फोन

फेगडे सरांच्या क्लासमध्ये चूक झाली की सर ओरडत नसत. खुर्चीवरून उठायचे, चूक करणाऱ्याच्या टेबलापाशी यायचे आणि हळू आवाजात म्हणायचे, "घरी फोन लाव. स्पीकरवर." मग त्या पोरानं किंवा पोरीनं वीस जणांसमोर आईला नाहीतर बापाला सांगायचं, की आज माझ्यामुळे अमुक बंद पडलं. काय बंद पडलं ते सर ठरवत. कधी बँक, कधी रेल्वेचं आरक्षण, बहुतेक वेळा दवाखाना. खरं तर काहीच बंद पडलेलं नसे. टेबलावर चार जुने राऊटर आणि निळ्या वायरींचा गुंता, एवढीच काय ती आमची दुनिया. पण हे घरच्यांना सांगायची मुभा नव्हती. 'चुकून' हा शब्द तर अजिबात चालत नसे. फोन ठेवला की सर म्हणत, "बस आता. आता शिकशील."

जळगावला बसस्टँडच्या मागे एका बॅटरीच्या दुकानावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. राऊटर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. इंटरनेटच्या रस्त्यावर जो चौक लागतो त्या चौकातला तो पोलीस. कुठली गाडी कुठल्या वाटेनं काढायची ते तो ठरवतो. आणि हे पोलीस एकमेकांशी बोलून रस्ते माहीत करून घेतात, त्या बोलण्याच्या रीती असतात. सर त्या रीती शिकवत. नुसत्या सोप्या नव्हे, पार वरच्या, ओएसपीएफ, बीजीपी असल्या नावांच्या, ज्यांवर पुण्या-बंगळुरात नोकऱ्या लागतात त्या.

आता तुम्ही विचाराल, अक्का, तुम्ही तिथे काय करत होतात? तर मी धुळ्याची. ह्यांनी केबल टीव्हीचा धंदा उभा केला होता. हे गेले, धंदा माझ्याकडे आला, आणि बघता बघता केबलचं इंटरनेट झालं. माझी शाळा सातवीला सुटलेली. इंग्रजी मी सेट-टॉप बॉक्सच्या खोक्यातले कागद वाचून वाचून शिकले. आमच्याकडचा इंजिनीअर दुबईला निघून गेला, आणि लाइन पडली की मी त्या डब्यापुढे हात जोडून उभी. देव तरी कधी पावतो. तो डबा पावेना. म्हणून चोपन्नाव्या वर्षी दर रविवारी सकाळच्या एसटीनं पारोळा, एरंडोल करत मी जळगाव गाठायला लागले.

पहिल्या दिवशी मला दारात बघून सर म्हणाले, "पोळीभाजी केंद्र खाली, उजव्या हाताला."

पोरं हसली. मी म्हटलं, "पोळ्या मला येतात सर. बीजीपी येत नाही."

ते हसले नाहीत. "मागं बसा. रडू आलं तर जिन्यात जायचं. वायरींवर पाणी पडलेलं चालत नाही."

किडकिडीत माणूस. अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. स्वतःच्या थर्मासमधला चहा झाकणात ओतून प्यायचे, पण समोरच्याला कधी विचारलं नाही. लग्न केलं नव्हतं. एक बहीण होती, सावद्याला. आधी पुण्यात मोठ्या कंपनीत होते, ती सोडून जळगावला का आले, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आणि विचारायची छाती कोणाची?

पण शिकवायचे काय! तुमच्या डोक्यात खिळा ठोकावा तसं. "ओएसपीएफमध्ये प्रत्येकाकडे अख्ख्या गावाचा नकाशा असतो. बीजीपीत नकाशा नाही. शेजारी सांगतो तेवढंच खरं मानायचं. म्हणून बीजीपीत शेजारी कोण, हे बघून घ्यायचं." एकदा माझ्याकडे वळून म्हणाले, "तुम्हाला हे सोपं जावं अक्का. गल्लीतल्या बायकांचं काम आहे. एका मोठ्याकडून ऐकलेलं दुसऱ्या मोठ्याला सांगायचं नाही, एवढीच अक्कल लागते. सांगितलंत तर दोघांची गर्दी तुमच्या अंगणातून जाणार, आणि तुमचं अंगण केवढं?" मी वहीत तसंच उतरवून घेतलं. अजून आहे ती वही.

त्या वर्गात धनश्री होती, शिरपूरकडच्या खेड्यातली. सगळ्यांत हुशार, आणि म्हणूनच सरांचा सगळ्यांत जास्त राग तिच्यावर. एक दिवस तिच्या हातून एक रस्ता पुसला गेला. सर तिच्याशेजारी जाऊन उभे राहिले. "दवाखाना," म्हणाले.

तिनं बापाला फोन लावला. तो शेतात होता, वारा ऐकू येत होता. दोघं घरच्या अहिराणीत बोलले; 'मनामुळे' म्हणजे माझ्यामुळे.

"बाबा, मनामुळे आज एक दवाखाना बंद पडना."

"काय? दवाखाना? तू बरी शे ना पोरी?"

"मी बरी शे. मनामुळे बंद पडना."

मग तो माणूस म्हणाला, "बठ्ठा लोके काय करतीन आते?" सगळ्या लोकांचं आता कसं होणार, हीच त्याला चिंता.

धनश्रीचा चेहरा पाहवेना. मला राहवलं नाही. मी पुढं होऊन तिच्या फोनवर ओरडले, "भाऊ, काही झालं नाही हो, हे खोटं खोटं आहे!" सरांनी फोन उचलून बंद केला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तिला जीभ आहे. ज्यानं केलं त्यानंच सांगायचं. दुसऱ्यानं सांगितलं की ते धुतलं जातं." आणि तिला, "बस आता. आता शिकशील." त्या दिवशी ती जिन्यात गेली नाही. जाग्यावर बसून तिनं तो रस्ता परत बांधला, आणि सर तिच्याकडे न बघता चहा प्यायले.

माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, घरी कुणी नाही सर, मूलबाळ नाही. मला वाटलं, सुटले. सर म्हणाले, "गिऱ्हाईक आहे ना? गिऱ्हाइकाला लावा." मी धुळ्याच्या पाचव्या गल्लीतल्या कापडवाल्या शेठना लावला.

"शेठ, माझ्यामुळे आज तुमचं इंटरनेट बंद पडलं."

"चालू आहे की! बघतोय ना मी."

"हो, पण बंद पडलं, शेठ."

"अक्का, तब्येत ठीक ना? की बंद करणार आहात? गिऱ्हाईक उभं आहे दुकानात, आत्ता नका करू हां!"

वर्ग पोट धरून हसला. सर सोडून. शेठ आठवडाभरात दुसऱ्या कंपनीकडे गेले. आधी फोन करून मग बंद पाडणारी बाई नको, असं म्हणाले म्हणे. मी सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "बरोबरच आहे त्यांचं."

पण खरं सांगू? ते शिक्षण कामाला आलं. मला इंटरनेट दोन मोठ्या कंपन्यांकडून येतं, एक लाइन नाशिककडून, एक सुरतेकडून. एका सकाळी माझ्याच हातून, ऐकलेलं पुढे जाऊ न देणारी चाळणी लावायची राहिली आणि सुरतेकडून ऐकलेलं सगळं मी नाशिकला सांगून टाकलं. कुणाकुणाच्या गाड्या माझ्या एवढ्याशा अंगणातून धावायला लागल्या. धुळ्यातली माझी सगळी घरं ठप्प. मी सरांना फोन केला. ते म्हणाले, "मला कशाला सांगता?" आणि ठेवून दिला. मी लाइन बंद केली, चाळणी लावली, आणि सुरतेला अन् नाशिकला दोन्हीकडे फोन करून सांगितलं, माझ्यामुळे झालं. सुरतचा इंजिनीअर मनसोक्त शिव्या देऊन झाल्यावर म्हणाला, "मौसी, अपने मुँह से बोलनेवाला पहली बार मिला." त्या दिवशी मला सर देवमाणूस वाटले. एक दिवस टिकलं ते.

धनश्रीला पुण्याच्या एका कंपनीनं बोलावलं. चार फेऱ्या झाल्या, सगळ्यांत पहिली. शेवटी मालकाशी भेट. त्यानं विचारलं, कुणाकडे शिकलीस? तिनं अभिमानानं सांगितलं. मालकानं समोरचा कागद उलटा ठेवला. म्हणाला, "त्या माणसाचा विद्यार्थी माझ्याकडे नको." दुसऱ्याच दिवशी तिनं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा ती रडत नव्हती. मालकाचं नाव सुनील, एवढंच तिला ठाऊक.

पुढच्या रविवारी पोरं गेल्यावर मी थांबले. सर वायरी गुंडाळत होते. मी विचारलं, "सुनील कोण?"

त्यांचे हात थांबले नाहीत. पाठ माझ्याकडेच ठेवून बोलत गेले. सुनील त्यांच्या हाताखालचा. एक दिवस सर त्याच्या खुर्चीवर बसून, त्याच्या नावानं उघडलेल्या मशीनवरून लांबच्या एका दवाखान्याचा राऊटर बदलत होते. एक ओळ चुकली आणि राऊटरचं दार आतून बंद झालं. पुण्याहून उघडेना. माणूस गाडीनं तिथं पोचेस्तोवर अर्धा दिवस दवाखाना आंधळा. "साहेबांनी सगळ्यांना उभं करून विचारलं, कोणी केलं. नोंद सुनीलच्या नावाची. तो माझ्याकडे बघत होता. मी पाण्याचा ग्लास उचलला. ग्लास खाली ठेवेपर्यंत त्याला बाहेर काढलं होतं."

"आणि दवाखान्यात? कुणाला काही..."

"मी विचारलं नाही."

मला त्या वीस पोरांचे फोन आठवले. धनश्रीचा बाप आठवला, वाऱ्यात उभा राहून लोकांची काळजी करणारा. मी माझा फोन टेबलावर ठेवला. "लावा सर. स्पीकरवर. पोरीची नोकरी अजून वाचेल."

त्यांनी वायरीला गाठ मारली. "अक्का, पुढच्या रविवारपासून येऊ नका."

"आणि धनश्री?"

"तिला सांगा, यापुढे माझं नाव कुठे सांगू नकोस."

धनश्रीनं तेच केलं. सुरतेला एका कापडगिरणीच्या ऑफिसात प्रिंटर आणि वायरी सांभाळते. बीजीपी तिला माझ्याहून दहापट येतं. तिथे ते लागत नाही.

दीड वर्षानं सावद्याहून सरांच्या बहिणीचा फोन आला. अर्धांगवायूनं सरांची उजवी बाजू गेली होती, बोलणंही गेलं होतं. फोन नंबरांच्या वहीत त्यांनी पाच-सहा नावं बोटानं दाखवली, त्यात माझं होतं. मी दुपारी पोचले. बाहेर केळीच्या गाड्या भरत होत्या, हमालांचा आरडाओरडा चालू होता. सर खाटेवर उशांना टेकवलेले. शर्ट तोच, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. बहिणीनं वही उघडली. सरांनी डाव्या हाताचं बोट एका नंबरावर ठेवलं, मग माझ्या फोनवर. मी नंबर लावला. घंटी वाजायला लागली तसं त्यांनी त्याच बोटानं स्पीकर चालू केला.

"हॅलो?" पलीकडून आवाज आला. "सुनील बोलतोय. कोण?"

सरांच्या तोंडातून आवाज निघाला. "म... म... म..." मानेच्या शिरा ताठ झाल्या, लाळ शर्टावर आली. "म... म..."

"कोण आहे? हॅलो?"

बहीण माझ्याकडे बघत होती. सरही बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं: सुनीलभाऊ, फेगडे सर आहेत, त्यांना बोलता येत नाही, पुढचं मी सांगते. दोन मिनिटांचं काम. सरांचे डोळे सांगा म्हणत होते की सांगू नका म्हणत होते, मी किती वेळा आठवून पाहिलंय. कळत नाही. ज्यानं केलं त्यानंच सांगायचं, हे त्यांचंच वाक्य माझ्या कानात होतं, आणि मी त्याला घट्ट धरून गप्प उभी राहिले.

"रिकामे उद्योग," पलीकडचा म्हणाला. फोन बंद झाला.

सर बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत राहिले. बहिणीनं लाळ पुसली. मी पुन्हा लावते म्हटलं नाही. बस आता, आता शिकशील: हे माझ्या मनात आलं. तोंडाबाहेर काढलं नाही, पण आलं. अकरा दिवसांनी सर गेले.

लोक मला म्हणतात, त्यांचा नियम तुम्ही शेवटपर्यंत पाळलात. मीही बरेच दिवस तसंच समजून होते. पण नियम नव्हता तो. धनश्रीचा राग होता, जिन्यात काढलेल्या पोरांचा होता, आणि लाज वाटते सांगायला, त्या पहिल्या दिवसाच्या पोळीभाजी केंद्राचाही होता. अंथरुणावर पडलेल्या माणसावर मी तो काढला, त्याच्याच शब्दांआड उभी राहून. सुनीलला आजही ठाऊक नाही की फोनवर कोण होतं.

सरांनी शिकवलंय, 'चुकून' म्हणायचं नाही. त्या दुपारी सावद्याला सर बोलू शकत नव्हते, पण माझ्या जिभेला काही झालं नव्हतं. सुनीलपर्यंत पोचायचं ते माझ्यामुळे बंद पडलं.