सीडी कुठे पोचल्या ते पाहायला: नाशिक, नांदगाव, वणी

“डाउनलोडचा आकडा मला सांगू नका,” डॉ. रेगे फोनवर म्हणाले. “तो वाढवायला एक चिकाटीचा माणूस पुरतो. तुमच्या सीडी नसत्या तर जे घडलंच नसतं, असं काहीतरी दाखवा.”

“मग तुम्हीच या आणि बघा,” मी म्हणाले. रागानेच म्हणाले खरं तर. पण ते आले!

नव्या वाचकांसाठी थोडं मागचं सांगते. मी नाशिकच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवते. युरोपातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत नव्वदच्या दशकात इलेक्ट्रॉन आणि त्यांचे विरुद्ध भाराचे जोडीदार, म्हणजे पॉझिट्रॉन, समोरासमोर आपटवायचे. टक्कर झाली की त्यातून नवे कण उधळतात. त्यांच्या वाटांची चित्रं आणि आकड्यांच्या याद्या त्या लोकांनी पुढे विद्यार्थ्यांसाठी फुकट खुल्या केल्या. मी त्यातले काही संच मागवले, सूचना मराठीत लिहिल्या आणि सीडी करून जिल्ह्यातल्या ज्युनियर कॉलेजांना पाठवल्या. त्याच फाइली कॉलेजच्या वेबसाइटवरही ठेवल्या, पण तालुक्याच्या ठिकाणी इंटरनेटवर एक चित्र उघडेपर्यंत तास संपतो, म्हणून सीडी. यासाठी मिळणारं अनुदान आता संपत आलं होतं. पुढे द्यायचं का, यावर समितीसाठी अहवाल लिहिणार होते मुंबईचे डॉ. रेगे. आयुष्य कणभौतिकीत घालवून निवृत्त झालेले, मोजकं बोलणारे. मी कॉलेजांना प्रश्नावली पाठवली होती. जी थोडी उत्तरं आली त्या सगळ्यांत एकच वाक्य होतं: ‘उपक्रम अत्यंत उपयुक्त आहे.’ त्यावर कोण अनुदान देणार?

पहिला दिवस

जानेवारीचा शेवट. इंदिरानगरातून सकाळी निघालो तेव्हा गाडीच्या काचेवर दव होतं आणि डॉ. रेगे मफलर, कानटोपी, वर शाल अशा बंदोबस्तात. आमच्या जुन्या मारुतीचा हीटर फक्त माझ्या पायांवर चालतो, हे मी त्यांना ओझर गेल्यावर सांगितलं.

हायवेचं चौपदरीकरण चालू आहे, त्यामुळे जाणार असाल तर हातात वेळ ठेवा. वळणरस्ते दर आठवड्याला बदलतात आणि पाट्या लावणारा बहुधा सुट्टीवर असतो. पण डाव्या हाताला द्राक्षबागा, उन्हात चमकणारे घड आणि पुढे चांदवडच्या डोंगरांची रांग, एवढं दिसत असताना तक्रार करवत नाही. पिंपळगावला मिसळ खाल्ली. रेग्यांनी आधी दही मागितलं, मग रस्सा मागितला, मग परत रस्सा मागितला. मला जरा धीर आला.

तो मनमाडपर्यंतच टिकला. तिथल्या कॉलेजात ज्या सरांना मी सीडी पाठवली होती त्यांची बदली झालेली. नव्या बाईंनी कपाट उघडलं. सीडी होती. प्लास्टिकचं वेष्टणसुद्धा फाडलेलं नव्हतं.

“मला कोणी सांगितलंच नाही हो,” बाई बिचाऱ्या ओशाळून म्हणाल्या.

गाडीत बसल्यावर रेग्यांनी वही काढून ‘वेष्टण’ एवढंच टिपलं. तेच जास्त लागलं.

नांदगावला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. कॉलेजच्या दारात शिपाईमामा ऊन खात बसले होते. “सर वर्गमा शेतस, बसा,” ते अहिराणीत म्हणाले, म्हणजे सर वर्गात आहेत, आणि आमच्यासाठी चहा सांगायला गेले. सर म्हणजे पगार सर. ते गणिताचे, आणि वर्ग कॉमर्सचा! मला वाटलं आपण चुकीच्या खोलीत आलो. फळ्यावर मात्र माझ्याच सीडीतली टकरीची चित्रं चिकटवलेली होती.

पगार सर त्यांवर संख्याशास्त्र शिकवत होते. प्रत्येक गटाला वेगळी चित्रं द्यायची, कोणत्या प्रकारच्या किती टकरी ते मोजायला लावायचं, मग गटागटांची उत्तरं वेगळी का येतात यावर भांडण लावून द्यायचं. भांडण जोरात चाललं होतं.

“छान आहे,” तास संपल्यावर रेगे म्हणाले, “पण हे नाणेफेकीनेही शिकवता आलं असतं.”

“नाण्याचं उत्तर पोरांना आधीच माहीत असतं, सर,” पगार सर हसले. “ह्याचं मलाबी माहीत नव्हतं. म्हणून मजा येते.”

रात्री मुक्काम नांदगावला केला. स्टँडजवळची लॉज साधी पण स्वच्छ आहे. गरम पाणी सकाळी बादलीने मिळतं. जेवायला शेवभाजी आणि बाजरीची भाकरी मागवा, पण ‘कमी तिखट’ म्हणायला विसरू नका. आम्ही विसरलो. डोळे पुसत मी रेग्यांना विचारलं, “पगार सरांचा तास अहवालात मोजाल का?”

“मोजीन,” ते म्हणाले. “पण समिती विचारेल की यातून विज्ञानाला काय मिळालं. त्याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.”

मी आणखी एक तांब्या पाणी मागवलं.

दुसरा दिवस

परत पिंपळगावपर्यंत येऊन वणीच्या रस्त्याला लागलो. हा रस्ता अरुंद आहे, पण सुंदर आहे. दोन्ही बाजूंना बागा, क्रेट भरलेल्या पिकअप, आणि लांबवर सप्तशृंगीचा डोंगर. एका बागेच्या बांधावर थांबून द्राक्षं विकत घ्यायला गेलो तर मालकांनी ओंजळभर आधी हातावर ठेवली. “खा तर आधी. आवडली तर घ्या.” आवडली. डिकीत एक पेटी चढली.

वणीच्या कॉलेजात गांगुर्डे सर वाटच बघत होते. तरुण आहेत, बोलताना सारखे चष्मा वर सरकवतात. कॉम्प्युटरच्या खोलीत आम्ही शिरलो आणि वीज गेली.

“लोडशेडिंग,” सर म्हणाले. “आता चारलाच येईल. पण आमचं अडत नाही. वीज असते तेव्हा आम्ही प्रिंट काढून ठेवतो.”

मागच्या ओट्यावर सतरंजी घातलेली होती आणि बारावीच्या चार मुली प्रिंटांच्या गठ्ठ्यांभोवती बसल्या होत्या. त्यांतली योगिता नावाची मुलगी आम्हाला बघून उठली, नमस्कार केला, आणि सरळ गांगुर्डे सरांना म्हणाली, “सर, विचारू का ते?”

सर घुटमळले. “अगं, पाहुणे आत्ता आलेत...”

“विचार,” रेगे म्हणाले.

तिने दोन प्रिंट पुढे ठेवल्या. “ह्या टकरीतून दोन कण निघालेत. चुंबकामुळं एक डावीकडं वळतो, एक उजवीकडं. बाकीच्या संचांत डावीकडं वळणाऱ्याला यादीत धन लिहिलंय. ह्या पाचव्या संचात डावीकडं वळणाऱ्याला ऋण लिहिलंय. एका चित्रात नाय सर. अख्ख्या संचात.”

“तुम्ही प्रिंट उलटी धरली असेल,” रेगे म्हणाले.

“नाय सर. अक्षरं सुलटी हायेत.”

गांगुर्डे सर मध्ये पडले. “हे ती दिवाळीपासून म्हणतेय. मी म्हटलं, एवढे मोठे शास्त्रज्ञ, ते चुकतील का? आपलंच काहीतरी चुकत असेल.”

रेगे ओट्याच्या कडेवर टेकले. “त्या दिवसांत चुंबकाची दिशा उलटी केली असेल तर? तसं करतात कधी कधी. मग वळणही उलटं दिसेल. म्हणजे यादी बरोबरच असेल आणि तुमची तक्रार संपली.”

योगिताने खाली बघितलं. हा मुद्दा त्यांनी धरलेला नव्हता, हे चारही चेहऱ्यांवर दिसत होतं. मलाही वाईट वाटलं. मग ती म्हणाली, “पण सर, चुंबकाची दिशा वर लिहिलेली असते. ती सगळ्या संचांत सारखीच हाय.”

“तेही चुकीचं लिहिलेलं असू शकतं. दिशा चुकलीय की यादी?”

“मग कळणार कसं?”

मी त्या क्षणी डॉ. रेग्यांकडे बघत होते. दोन दिवस मफलरमध्ये गुंडाळलेला तो माणूस एकदम पुढे झुकला. शाल खांद्यावरून घसरली ती तशीच राहिली.

“वळणाकडे बघूच नका,” ते म्हणाले. “इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन आपटून पुन्हा इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉनच निघाले, अशा टकरी घ्या. त्यांत इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा थोडासा कलून, ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने पुढे जातो. त्याला चुंबकाशी देणंघेणं नाही. प्रिंटवर बाजूचं चित्रही आहे ना? इलेक्ट्रॉन कुठून येतो त्याचा बाण आहे?”

“हाय!” चौघी एकदम म्हणाल्या.

“मग यादीत ज्याला ऋण, म्हणजे इलेक्ट्रॉन, म्हटलंय तो बाणाच्या दिशेने गेला असेल तर प्रिंट उजवीकडे ठेवा. उलट गेला असेल तर डावीकडे. उजवा ढीग मोठा झाला तर यादी बरोबर आणि मी बरोबर. डावा मोठा झाला तर...”

“तर आम्ही,” योगिता म्हणाली.

आधी त्यांनी पहिला संच करून बघितला. उजवा ढीग चांगला उंच झाला, डाव्या बाजूला चार-दोन कागद. म्हणजे पद्धत चालत होती. मग पाचवा संच घेतला. एक मुलगी यादी वाचून त्यावर खूण करायची, दुसरी चित्रावर बोट ठेवायची, तिसरी ओरडायची, “डावा!” वाऱ्याने कागद उडू नयेत म्हणून आम्ही ढिगांवर द्राक्षांचे घड ठेवले होते. पहिला कागद डावीकडे गेला. दुसरा डावीकडे. तिसरा उजवीकडे गेला. मग डावा, डावा, डावा. गांगुर्डे सर चष्मा सरकवायचे थांबले होते. अर्धा गठ्ठा झाला तेव्हा रेग्यांनी हात वर केला.

“थांबा.”

डावा ढीग इतका वाढला होता की द्राक्षं कलंडायला आली होती.

“यादी चुकलीय,” ते म्हणाले. “चिन्ह उलटं पडलंय. मुली, तू बरोबर आहेस.”

योगिताच्या मैत्रिणींनी तिला दोन्ही बाजूंनी धरून गदगदा हलवलं. गांगुर्डे सरांनी ढिगांवरचे घड उचलून सगळ्यांना द्राक्षं वाटली.

चारला वीज आली. रेगे म्हणाले, युरोपला मेल आत्ताच करायचं, आणि ते आपण नाही, योगिताने लिहायचं. कॉलेजात इंटरनेट नाही, म्हणून बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत गेलो. एका स्क्रीनपुढे आम्ही सात जण. योगिताने मराठीत सांगायचं, मी इंग्रजी करायचं, तिने टाइप करायचं. शेवटी नाव लिहायची वेळ आली तेव्हा ती थांबली.

“चौघींची लिहू ना?”

“गांगुर्डे सरांचंही लिही,” रेगे म्हणाले. “आणि गावाचं. ते विसरू नकोस.”

दिंडोरीमार्गे नाशिकला परतताना ते मुलासारखे बडबडत होते. पहिल्यांदा प्रयोगशाळेत कसे गेले, पहिली टक्कर पडद्यावर कशी बघितली, सगळं. मध्येच म्हणाले, “मी पुष्कळ लोकांची पुष्कळ पानं तपासली. डावा ढीग वाढताना आज जे वाटलं ते फार दिवसांत वाटलं नव्हतं.”

घरी

उत्तर यायला दहाएक दिवस लागले. ते दिवस मी कसे काढले ते माझ्या घरच्यांना विचारा. युरोपातल्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी लिहिलं होतं की मूळ संशोधनाचे आकडे ठीक आहेत. पण विद्यार्थ्यांसाठी सोपी आवृत्ती बनवणाऱ्या प्रोग्राममध्ये त्या संचाचं चिन्ह उलटं झालं होतं. तो संच कितीतरी देशांतल्या वर्गांत वापरला जात होता आणि कोणाच्याच लक्षात आलं नव्हतं. आता दुरुस्त आवृत्ती चढवली होती, सगळ्यांना कळवलं होतं, आणि आभारात चार मुलींची नावं, सरांचं नाव आणि वणी, जिल्हा नाशिक असं छापलं होतं. मी ते पान उभं राहून वाचलं.

डॉ. रेग्यांच्या अहवालात डाउनलोडचा आकडा आहे, पण एका ओळीत. त्यात मनमाडचं न फाडलेलं वेष्टण आहे, पगार सरांचं भांडण आहे, आणि मग दोन पानं वणी आहे. अनुदान वाढवून मिळालं. मनमाडच्या बाईंना मी यंदा स्वतः जाऊन शिकवणार आहे. त्यांनीच बोलावलंय.

ही माहिती वाटून काय साधलं, ते कसं मोजायचं, हे मला आता पूर्ण कळलंय असं मी म्हणणार नाही. पण परवा योगिताचा फोन आला. पोलंडमधल्या कुठल्याशा शाळेने त्यांना लिहिलं होतं: तुम्ही चूक कशी पकडली ते आम्हाला आमच्या वर्गात करून बघायचंय, तुमच्या खुणा केलेल्या याद्या पाठवाल का?

“मग?” मी म्हटलं. “काय करायचं ठरवलंय?”

“पाठवल्या ना, मॅडम,” ती म्हणाली. “आमचीच माहिती हाय. तुम्हाला विचारायचं राहूनच गेलं.”

“मला कशाला विचारायचं?” मी म्हटलं.