तिन्ही यंत्रं डावीकडे म्हणाली

हा माझा पाठचा भाऊ. वय बावन्न, वजन विचारू नका, पण घरात नाव अजून बारक्याच. मी आठवीत शाळा सोडली. त्याने दहावी पूर्ण केली, तीही मी रोज त्याला सायकलवर मागे बसवून पोचवत होतो म्हणून. हे मी सगळ्यांना सांगतो आणि त्याने आजवर कधी नाही म्हटलेलं नाही.

असा ड्रायव्हर मी दुसरा बघितलेला नाही. माझं टायरचं दुकान आहे, दिवसाला वीस-पंचवीस ड्रायव्हर समोर उभे राहतात, म्हणून हे मी उगाच बोलत नाही. टायर कसा झिजलाय ते बघून मी माणूस ओळखतो. बारक्याच्या गाडीचे चारही टायर असे सारखे झिजतात की कुणाला तरी दाखवायला भिंतीला टांगून ठेवावेत.

लोकांना वाटतं, गाडी चालवणं म्हणजे काय, बसलं आणि चालवली. बारक्या रक्त तपासायच्या लॅबची गाडी चालवतो. पहाटे साडेपाचला निघायचं, बाहेरच्या छोट्या छोट्या दवाखान्यांत उपाशीपोटी घेतलेल्या रक्ताच्या नळ्या गोळा करायच्या, बर्फाच्या पेटीत उभ्या लावायच्या आणि अकराच्या आत लॅबमध्ये आणून द्यायच्या. अकराला मशीन सुरू होतं. त्यानंतर आलेली पेटी दुपारी चारच्या खेपेला लागते, आणि तोवर निम्म्या नळ्या कामातून गेलेल्या असतात. मग त्या फेकायच्या आणि त्या माणसांना पुन्हा बोलावून पुन्हा सुई टोचायची.

एकवीस वर्षं त्याने ही फेरी केली आणि एकवीस वर्षं त्याची पेटी पावणेअकराला टेबलावर असायची. या वर्षी लॅबने फेरीच्या मध्येच डोंगरापलीकडचे दोन दवाखाने वाढवले. नऊचे अकरा झाले, वेळ तेवढीच राहिली. बारक्या अकरा पाच, अकरा दहा असा पोचू लागला. घाईत त्याला घाम फुटायचा, पण वेग तो वाढवत नाही. मागे पेटी असते ना. खड्ड्यात आपटली की नळ्यांतलं रक्त बिघडतं.

मशीनवाल्याने दोनदा वर सांगितलं नाही. तिसऱ्यांदा लॅबच्या मोठ्या मॅडमनी बोलावलं. मॅडम वाईट नाहीत. म्हणाल्या, "काका, तुमच्यावर राग नाही. पण महिनाअखेरपर्यंत वेळेत बसलं नाही, तर बाहेरची फेरी मी ठेकेदाराला देते. तुम्ही आत या, स्टोअर सांभाळा. वय झालं, बसून काम करा."

स्टोअर म्हणजे तळघरातली खोली. एक ट्यूबलाइट, कपाळाला लागेल असा पाइप आणि छतापर्यंत पुठ्ठ्याची खोकी. बारक्या खाली जाऊन दार बघून आला. आत पाऊल नाही टाकलं.

पण त्याला लागलं ते वेगळंच. शेवटून दुसऱ्या दवाखान्यात एक म्हाताऱ्या बाई येतात. शिरा इतक्या बारीक की नर्स तीन-तीनदा सुई लावते तेव्हा कुठे नळी भरते. त्यांची नळी दोनदा फुकट गेली होती. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा बारक्या तिथेच पेटी भरत होता. बाईंचे दोन्ही हात कोपरापासून खाली निळे.

"मागचं रक्त काय झालं गं?" त्यांनी नर्सला विचारलं.

"गाडी उशिरा पोचली, आजी."

बारक्याने पेटीचं झाकण लावलं आणि मान खाली घालून बाहेर आला. त्या दिवशी मी त्याच्याकडे जेवायला होतो. ताट समोर घेऊन बसला, पण हात काही हलेना. बायकोला एवढंच म्हणाला, "हात निळे झालेत त्यांचे."

त्याची बायको शाळेच्या ऑफिसात काम करते आणि बोलायला सरळ आहे. म्हणाली, "मग ते रस्ता दाखवणारं जीपीएस घ्या गाडीत. फोनमधलं नको. फोन डोंगरात गेला की मरतो."

खरंच होतं. डोंगर चढला की फोनची रेंज जायची. आणि काचेजवळ ठेवला की उन्हाने तापून आपोआप बंद पडायचा.

"मला रस्ता माहीत आहे," बारक्या म्हणाला.

"माहीत आहे तर उशीर का होतो?"

बारक्याने ताट बाजूला सारलं. मीच म्हटलं, बघून तर ये.

गाडीच्या सामानाचं एक दुकान माझ्या ओळखीचं आहे. दुकानदार वाळका, थंड डोक्याचा, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. बारक्याने त्याला नीट समजावलं. नकाशा यंत्राच्या आतच पाहिजे, रेंजवर अवलंबून नको. उन्हात दिसलं पाहिजे. काचेला घट्ट बसलं पाहिजे, कारण खाणीजवळचा रस्ता नुसता दगडाचा आहे. दुकानदार म्हणाला, "तीन दिवस चालवून बघा. खोकं फाडू नका. नाही पटलं तर आणून द्या."

पहिलं यंत्र दिसायला देखणं. पण ऊन वर आलं की त्याच्यात रस्ता दिसेना, बारक्याला स्वतःचं तोंड दिसायला लागलं. खाणीजवळ काचेवरून सुटलं आणि मांडीवर येऊन पडलं. ते परत दिलं.

दुसरं घट्ट बसायचं, पण सुरू केलं की आकाशातले उपग्रह शोधत बसायचं. पहिला दवाखाना झाला, दुसरा झाला, तरी पडद्यावर आपलं 'शोधत आहे'. बारक्या मला म्हणाला, "दादा, माझी फेरी अर्धी होते तेव्हा त्याला कळतं आपण कुठे आहोत." तेही परत.

तिसरं मात्र जमलं. काळपट पडदा, उन्हात स्वच्छ दिसणारा. नकाशा आत कार्डावर. डोंगरात गेलं तरी अडखळत नव्हतं. आतली बाई वळण यायच्या आधी एकदा सांगायची आणि गप्प बसायची. बारक्याला हे फार पटलं. म्हणाला, "आपल्या घरात असं कुणी नाही." बायको तिथेच उभी होती. म्हणाली, "तुमचे दादा तर नाहीतच."

तरी तिसऱ्या दिवशी त्याने तेही खोक्यात भरलं.

या वेळी मी सोबत गेलो. म्हटलं, माझ्या भावाला कुणी किरकिऱ्या गिऱ्हाईक समजायला नको. बारक्याने खोकं काउंटरवर ठेवलं. चेहरा असा की सुया त्यालाच टोचल्यात.

"आता याला काय झालं?" दुकानदार म्हणाला.

"खोटं सांगतं."

"काय खोटं सांगतं?"

"नवव्या दवाखान्यानंतर पेट्रोल पंप लागतो. तिथून सरळ जायचं असतं. हे म्हणतं डावीकडे वळा. सरळ गेलो तर म्हणतं मागे फिरा. पहिलं यंत्रही डावीकडेच म्हणायचं. दुसरंही, जागं झालं की."

दुकानदाराने चष्मा डोळ्यांवर चढवला. "तीन यंत्रं, तीन वेगवेगळ्या कंपन्यांची. तिन्ही डावीकडे म्हणतात."

"म्हणू देत," मी म्हणालो. "असतील तिघी चुलत बहिणी. एकवीस वर्षं गाडी चालवतोय तो त्या रस्त्यावर. त्याला तुमची डबी रस्ता शिकवणार?"

"मी कुठे काय म्हणतोय? नुसतं विचारतो. डावीकडे आहे काय?"

"पूल," बारक्या म्हणाला.

"मग?"

"खचलाय."

"कुणी सांगितलं?"

बारक्याने माझ्याकडे बघितलं.

मला ते आठवायलाच थोडा वेळ लागला. त्याच्या नोकरीचा पहिला आठवडा होता. माझ्या दुकानात एक ट्रकवाला आला होता, पुढचं चाक पार वाकडं झालेलं. म्हणाला, पुलाचा एक भाग खाली बसलाय, थोडक्यात वाचलो. नदी खोल, बारक्या नवा ड्रायव्हर, आणि आमचे वडील तेव्हा नुकतेच गेलेले. मी संध्याकाळी त्याला गाठून सांगितलं, "त्या पुलावरून जायचं नाही. माझ्या गळ्याची शपथ आहे तुला." तो बरं म्हणाला. मीही मग चाकं बदलण्यात तो पूल विसरून गेलो.

"एकवीस वर्षांत तू एकदाही बघितलं नाहीस?" मी विचारलं.

"गाड्या वळताना दिसायच्या," बारक्या म्हणाला. "मला वाटायचं, त्यांना कुणी शपथ घातली नसेल."

दुकानदार दुसरीकडे बघायला लागला. मी त्याला ऐकवलं, "बघितलं? भावाच्या शब्दाखातर एकवीस वर्षं वळसा घालणारा माणूस दाखवा दुसरा."

"शब्द पाळला हे खरं," तो हळूच म्हणाला. "पण दवाखान्यातल्या लोकांना तो कशाला पाळायला लावायचा?"

बारक्याने खोकं काउंटरवरून उचललं आणि काखेत मारलं.

रविवारी आम्ही दोघं गेलो. तोच चालवत होता, मी शेजारी. पंपाशी यंत्रातली बाई म्हणाली, डावीकडे वळा. बारक्या डावीकडे वळला. थोडं अंतर गेल्यावर पूल दिसला. सिमेंटचा, रुंद, दोन ट्रक आरामात शेजारून जातील असा. दिव्यांचे खांबसुद्धा होते, आणि त्यांना खालून गंज चढलेला. नवा असता तर मला बरं वाटलं असतं.

पुलाच्या अलीकडे त्याने गाडी थांबवली. इंजिन चालूच.

"काय झालं?" मी विचारलं.

"शपथ," तो म्हणाला.

"अरे, आता कसली शपथ?"

"तू घातली होतीस. तूच सोडव."

तो हसत नव्हता. मला वाटलं होतं तो चिडेल, दोन शब्द बोलेल, आणि बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं. तो नुसता दमलेला होता. हात स्टिअरिंगवर, डोळे पुढे, लाल सिग्नलला थांबल्यासारखा. मागे कुणीतरी हॉर्न वाजवला.

"सुटली," मी म्हणालो.

त्याने गिअर टाकला आणि आम्ही पुलावर चढलो. मध्यावर एक रंगारी कठड्याला पिवळा रंग देत होता. मी काच खाली केली आणि विचारलं, हा पूल दुरुस्त होऊन किती वर्षं झाली. तो म्हणाला, "मला नाही माहीत. पण हा कठडा मी तिसऱ्यांदा रंगवतोय, आणि दर पाच वर्षांनी रंगवतात."

पलीकडे उतरलो तर समोर दहावा दवाखाना. यंत्राने हिशोब दाखवला, नेहमीच्या वाटेपेक्षा सतरा मिनिटं कमी. बारक्याने गाडी बाजूला घेतली आणि तो आकडा बघत राहिला.

"दादा," तो म्हणाला, "त्या आजींना सतरा मिनिटांनी दोनदा टोचलं."

"माझं चुकलं," मी म्हणालो. हे वाक्य मी दुकानात वर्षातून एकदाही म्हणत नाही.

"तुझं काय चुकलं? तेव्हा खचलाच होता. मी परत विचारायला पाहिजे होतं." मग गाडी पुन्हा रस्त्यावर घेत म्हणाला, "पण तुला परत विचारायचं म्हणजे तू खोटं बोललास असं झालं असतं."

घरी आल्यावर त्याने बायकोला सगळं सांगितलं. मला वाटलं, आता माझी धडगत नाही. ती माझ्याकडे बघून फक्त "एकवीस वर्षं, भाऊजी?" म्हणाली आणि आत निघून गेली. तिने शिव्या दिल्या असत्या तर मला जेवण गोड लागलं असतं. बाहेर बारक्या गाडीच्या काचेवरची यंत्राची जागा पुसत होता, म्हणजे ते घट्ट बसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सोमवारी, तो साडेपाचला निघाला. मी दुकान उघडलं खरं, पण लक्ष घड्याळात. एका गिऱ्हाइकाच्या चाकाचे चारच नट बसवले, पाचवा हातात तसाच. दहा चाळीसला त्याला फोन केला, उचलला नाही. पन्नासला केला, उचलला नाही. मग राहवेना, तेव्हा सरळ लॅबच्या टेबलावर फोन लावला. मशीनवाल्याने घेतला.

"पेटी आली का?"

"मघाशीच आली की, पावणेअकरालाच. लावल्या पण मी नळ्या. मॅडम येऊन बघून गेल्या."

"काही म्हणाल्या?"

"म्हणाल्या, असंच जमत असेल तर फेरी काकांकडेच राहू दे."

"मग तो फोन का उचलत नाही?"

"थांबा, बघतो." चपलांचा आवाज, दार उघडल्याचा आवाज, मग बराच वेळ काहीच नाही. परत आला तेव्हा तो हळू आवाजात बोलत होता. "गाडीत आहेत. सीट मागे टाकून झोपलेत. उठवू का?"

भिंतीवरच्या घड्याळात अकराला पाच कमी होते. मी म्हणालो, "नको. झोपू दे त्याला."