पूजेची हळद कोरडी असते

अन्याय झाला तो एका धवलारणीवर. रेवदंड्याच्या अलीकडच्या गावात, वैशाखातल्या एका शनिवारी, दिवेलागणीला. नवरदेवाला हळद लागत होती, ती मांडवात लग्नाची गाणी म्हणत होती, आणि कोणीतरी हौसेनं झाडलेली गोळी लोखंडी कमानीला आपटून तिच्या खांद्यात शिरली. मला निवृत्त होऊन वर्षं झाली, ती संध्याकाळ विसरलेलो नाही.

ठाण्याचा प्रभारी मी होतो. जखमीला अलिबागला हलवून पंचनामा करतोय तोच निनावी फोन आला. गावातल्या एका पोराकडे गावठी कट्टा असतो, त्याला उचला. पोराच्या नावावर मारामारीचा एक जुना गुन्हा होता, त्यामुळे सगळ्यांना लगेच पटलं. मांडव माणसांनी भरलेला, पण गोळी कोणी झाडली हे पाहिलेला एकही नाही. सगळे म्हणे जेवायला बसले होते.

पोराला ठाण्यात आणलं. घरझडतीत काही मिळालं नाही. त्याला कंपनीत नोकरी लागत होती आणि त्यासाठी चारित्र्य पडताळणीचा दाखला आमच्याच ठाण्यातून जायचा होता. अटक दाखवली की संपलं. तो रडला नाही.

"साहेब, भांडलो व्हतो, ता खरा हाय. पन बंदूक मी हातान घेतली न्हाय. जेचे कमरेला व्हती, त्याला इचारा ना."

कमरेला होती नवरदेवाच्या मामाच्या. ट्रकच्या धंद्यातला बडा माणूस, पिस्तुलाचा परवाना रीतसर. म्हणूनच तोवर त्याला कोणी विचारलं नव्हतं. घरी गेलो तर चहा आला आणि व्याख्यानही. सामान्य लोकांपेक्षा लायसनवाले गुन्हे कमी करतात, हे त्यानं मला समजावून सांगितलं. वर म्हणाला, "माझी पडताळणी तुमच्याच ठाण्यानं केलीय, साहेब. आता स्वतःच्या सहीवर विश्वास नाही?"

पिस्तूल मागितलं. नळी चकाचक पुसलेली. पण मुठीच्या खाचांत आणि चापाच्या मागे पिवळं होतं. मामा हसला. "दसऱ्याला शस्त्रपूजा करतो आम्ही. तुम्ही ठाण्यात करत नाही?"

करतो की. म्हणूनच कळलं. पूजेची हळद कोरडी असते, सोबत कुंकू असतं, आणि चापाच्या मागे बोट घालून कोणी पूजा करत नाही. ही हळद तेलात कालवलेली होती. भाच्याच्या गालाला लावलेला हात तसाच चापावर गेला होता. तसं सांगितल्यावर त्यानं कप खाली ठेवला. मग विचारलं, बाईच्या खर्चाचं काय ते बघून घेतो, चालेल का?

चाललं नाही. पंचनाम्यात मांडवात सापडलेली काडतुसाची पुंगळी त्याच पिस्तुलाची असल्याचं प्रयोगशाळेनं कळवलं. पोराला मी हळद दिसली त्याच दिवशी सोडलं होतं, दाखल्यावर सहीही केली. पण पोलिसांनी उचलल्याची बातमी दाखल्याच्या आधी कंपनीत पोचली होती. धवलारीण आजही गाते. तिचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही.

परवानाधारकांत गुन्हे कमी, हे मीही नोकरीत पाहिलं, नाकारत नाही. पण तुलना कोणाशी? हे पडताळणीत चाळून घेतलेले, आणि समोर अख्खी जनता, जिच्यात आम्ही परवाना नाकारलेलेही आले. शिवाय गोळी सुटली की आम्ही आधी बिनपरवान्याचा माणूस शोधायला धावतो. ज्याच्यावर संशयच घ्यायचा नाही, त्याचे गुन्हे मोजणार कोण? परवाना देताना माणूस कसा होता, एवढंच परवाना सांगतो. आज मांडवात, दारू पोटात असताना, तो कसा वागेल हे नाही.

आणि तुम्ही, मांडवातले. पुढच्या हळदीत कोणी पिस्तूल उपसलं तर शिट्ट्या मारू नका, मोबाइल वर धरू नका. ठाण्यात फोन करा, त्याचं नाव सांगा, आणि जबाबावर सही करायला या. जेवायला बसलो होतो, हे पुन्हा ऐकवू नका.